लेजिओनेलाची एमआयसी दर काही आठवड्यांनी वर सरकते? आधी प्लेट तपासा, मग जंतूवर शंका घ्या

"मॅडम, अझिथ्रो परत दोनवर आलंय, लेव्हो पण सरकलंय." आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये गेल्या वर्षभरात हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. तीन-चार आठवडे सगळं व्यवस्थित चालतं, लेजिओनेला न्यूमोफिलाची (पाण्यातून येणारा, न्यूमोनिया करणारा जंतू) एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, जिथे यायला हवी तिथेच येते, आणि मग एखाद्या सोमवारी तेच आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू), त्याच पाकिटातली स्ट्रिप (चढत्या प्रमाणात औषध लावलेली पट्टी, ती जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवतात), तेच हात, पण आकडा दोन पायऱ्या वर, म्हणजे दोनदा दुप्पट. पुढच्या आठवड्यात परत लावलं की खाली. परत महिन्याभराने वर. ज्यांच्याकडे हे होतंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आम्हाला हे सोडवायला सहा महिने लागले आणि ते सहा महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

हे इतकं मनाला का लावून घेते तेही सांगते. लेजिओनेलाच्या न्यूमोनियाला पहिली औषधं दोनच, लेव्होफ्लोक्सॅसिन किंवा अझिथ्रोमायसिन. आपल्याकडे पेशंटला टीबी असेल अशी जराही शंका असली की डॉक्टर लेव्हो द्यायला कचरतात आणि ते बरोबरच आहे, कारण लेव्होने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. म्हणजे अशा पेशंटसाठी अझिथ्रो हाच आधार. आता आपण खराब प्लेटमुळे 'अझिथ्रोची एमआयसी वाढली आहे' असं कळवलं तर आपण त्या डॉक्टरच्या हातातलं चांगलं औषध विनाकारण काढून घेतो. म्हणून हा आकडा नुसता वहीत लिहायचा आकडा नाही.

आता मूळ गोष्ट. लेजिओनेला साध्या म्युलर हिंटनवर, म्हणजे एमआयसीसाठी नेहमी वापरतात त्या अगारवर, उगवतच नाही. त्याला एल-सिस्टीन लागतं, लोह लागतं, आणि पीएच ६.९ च्या अगदी आसपास लागतो, इकडे तिकडे फार चालत नाही. म्हणून बीसीवायई अल्फा अगार, म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, एसीईएस बफर, अल्फा कीटोग्लुटारेट आणि कोळसा. कोळसा कशाला, तर यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये उजेडाने आणि गरम करताना जे पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ तयार होतात ते शोषून घ्यायला. जंतूला त्याच्यामुळे जगता येतं. पण कोळसा काय फक्त पेरॉक्साइड शोषून थांबत नाही ना, तो अँटिबायोटिकही शोषतो! क्विनोलोन (लेव्हो, सिप्रो), मॅक्रोलाइड (अझिथ्रो), रिफाम्पिसिन सगळ्यांना थोडाफार फटका बसतो. स्ट्रिपमधून औषध अगारमध्ये उतरतं, त्यातलं काही कोळशाला चिकटतं, जंतूपर्यंत कमी पोचतं, आणि आपण वाचतो ती एमआयसी खऱ्यापेक्षा जास्त. शिवाय माध्यमातलं लोह टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन दोघांनाही धरून ठेवतं, आणि पीएच ६.९ ला मॅक्रोलाइड ७.४ पेक्षा कमी ताकदीने काम करतात. म्हणजे बीसीवायईवरची एमआयसी मुळातच थोडी फुगलेली असते हे धरूनच चालायचं.

पण फुगलेली असणं आणि दर महिन्याला हलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या प्लेटमध्ये कोळसा सारखाच असेल तर फुगवटाही सारखाच राहील. आकडा हलतोय ह्याचा अर्थ फुगवटा हलतोय.

आम्ही आधी काय काय केलं ते थोडक्यात. स्ट्रिपचा लॉट बदलला, फरक नाही. वाचणारी व्यक्ती बदलली, फरक नाही. आयसोलेटमध्ये भेसळ असेल म्हणून ब्लड अगारवर आणि सिस्टीन नसलेल्या बीसीवायईवर टाकून बघितलं, दोन्हीकडे काही उगवलं नाही, म्हणजे कल्चर शुद्ध. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, प्रत्येक बॅचला एटीसीसी ३३१५२ म्हणजे फिलाडेल्फिया-१ हा लेजिओनेलाचा स्टँडर्ड स्ट्रेन तुलनेसाठी शेजारी लावायला सुरुवात केली. आणि ज्या आठवड्यात आमची कूलिंग टॉवरच्या पाण्यातून काढलेली आयसोलेट वर गेली त्याच आठवड्यात एटीसीसीसुद्धा वर गेला. तिथेच उत्तर अर्धं मिळालं. रेझिस्टन्स एका आयसोलेटमध्ये येऊ शकतो, पण उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या स्टँडर्ड स्ट्रेनमध्ये त्याच सोमवारी येणार नाही.

तेव्हा पहिला नियम हाच की एटीसीसी ३३१५२ शिवाय लेजिओनेलाचं एकही रीडिंग मानायचं नाही. प्रत्येक वेळी, प्रत्येक औषधाला. महाग पडतं हे मान्य. आणि ह्या स्ट्रेनला महिनोन्महिने प्लेटवरून प्लेटवर फिरवत ठेवू नका, उणे ऐंशीला छोट्या छोट्या वायल करून ठेवा आणि दर वेळी ताजी काढा.

दुसरं, आम्ही स्टॅफ ऑरियस एटीसीसी २९२१३ म्युलर हिंटनवर आणि बीसीवायईवर अशा दोन्हीकडे एकाच पाकिटातल्या स्ट्रिपने लावला. हा जंतू दोन्हीकडे उगवतो आणि म्युलर हिंटनवरची त्याची रेंज ठरलेली आहे, अझिथ्रो ०.५ ते २, लेव्हो ०.०६ ते ०.५, सिप्रो ०.१२ ते ०.५, रिफाम्पिसिन ०.००४ ते ०.०१६. म्युलर हिंटनवर तो रेंजमध्ये बसला म्हणजे स्ट्रिप चांगली. मग बीसीवायईवर जितका वर गेला तितका त्या बॅचच्या माध्यमाचा परिणाम. बीसीवायईवरच्या आकड्याला ती रेंज लावायची नाही हं, तिथे फक्त दोन प्लेटमधलं अंतर बघायचं. आम्ही हे अंतर प्रत्येक बॅचला वहीत लिहायला लागलो आणि तीन बॅचनंतर दिसलं की अंतर बॅचगणिक तर बदलतंच, पण एकाच बॅचच्या पहिल्या आणि शेवटच्या प्लेटमध्येही बदलतं.

हे बघून मी ओतण्याच्या वेळी स्वतः जाऊन उभी राहिले. एक लिटरचा फ्लास्क, त्यात दोन ग्रॅम कोळसा, ऑटोक्लेव्हमधून काढून पन्नास अंशाला वॉटर बाथमध्ये ठेवलेला, सिस्टीन आणि लोह घातलं, एकदा हलवला आणि ओतायला सुरुवात. कोळसा जड, तो हळूहळू खाली बसत जातो. पहिल्या दहा प्लेट राखाडी, मधल्या बऱ्या, शेवटच्या सहा-सात काळ्याकुट्ट. आमच्याकडे प्लेटची चळत अशी लावायचे की सुरुवातीला ओतलेल्या आधी वापरल्या जायच्या आणि महिन्याच्या शेवटी त्या काळ्याकुट्ट प्लेट हाती यायच्या! म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी एमआयसी वर. इतकं साधं होतं ते, आणि आम्ही इकडे जीन शोधत होतो.

उपाय सोपा आहे. फ्लास्क सतत गोल फिरवत राहायचा, फेस येऊ द्यायचा नाही, मोठा फ्लास्क न घेता पाचशे मिलीच्या दोन बाटल्या करायच्या, शक्य असेल तर मॅग्नेटिक स्टररवर ठेवून ओतायचं, प्लेटवर ओतण्याचा क्रमांक लिहायचा आणि शेवटच्या गडद प्लेट एमआयसीला वापरायच्याच नाहीत, त्या नुसत्या सबकल्चरला ठेवायच्या. अगारची जाडी चार मिलीमीटरच्या आसपास सगळीकडे सारखी पाहिजे. तयार प्लेट विकत घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, आम्ही एकदा विकतच्या घेतल्या तर त्यातही एक लॉट दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गडद निघाला. शुभ्र कागदावर दोन लॉट शेजारी ठेवून बघा, डोळ्यांना दिसतं.

आता पीएच, कारण कोळशाचं मिटल्यावरही आमचं एकदा बिघडलं आणि ते पीएचमुळे. एसीईएस बफरचा पीएच तापमानाने बदलतो, दर अंशाला साधारण ०.०२. म्हणजे पन्नास अंशाच्या गरम माध्यमात इलेक्ट्रोड बुडवून तुम्ही ६.९ केलंत तर तेच माध्यम २५ अंशाला आल्यावर ७.४ च्या आसपास जातं. तिथे लेजिओनेला नीट उगवत नाही, पातळ उगवला की एलिप्स, म्हणजे स्ट्रिपभोवतीची वाढ नसलेली लंबगोल जागा, मोठं दिसतं, वरून मॅक्रोलाइडला त्या पीएचला जोर चढतो, आणि एमआयसी खोटी कमी. उलट चूक म्हणजे पीएच आधी नीट केला आणि नंतर सिस्टीन हायड्रोक्लोराइड घातलं, ते आम्लधर्मी, पीएच खाली. मग अझिथ्रो खोटं वर. आम्ही आता सगळं घालून झाल्यावर थोडं माध्यम छोट्या बीकरमध्ये ओतून गोठवतो, थंड झाल्यावर त्यावर सपाट टोकाचा इलेक्ट्रोड टेकवून मोजतो. ६.८५ ते ६.९५ मध्ये नसेल तर बॅच फेकायची. जीवावर येतं फेकताना, पण फेकायची.

ह्याच्याच जोडीला सीओटू. पाण्याच्या किंवा थुंकीच्या नमुन्यातून लेजिओनेला काढताना बरेच जण थोडा सीओटू देतात, त्याला हरकत नाही, पण एमआयसीची प्लेट सीओटू इनक्युबेटरमध्ये ठेवू नका. सीओटूने अगारचा पृष्ठभाग आम्ल होतो आणि मॅक्रोलाइडची एमआयसी वर जाते. आमच्याकडे साधा इनक्युबेटर बंद पडला होता तेव्हा कुणीतरी चांगल्या भावनेने प्लेट शेजारच्या सीओटूवाल्यात हलवल्या, त्या आठवड्याचं सगळं अझिथ्रो वाया गेलं. साधी हवा, ३५ अंश, ओलावा भरपूर, ४८ तास. वाढ फारच पातळ असेल तर ७२ तासांना बघायचं, पण मग एटीसीसीही ७२ तासांनाच वाचायचा, एक इथे एक तिथे नाही.

ओलाव्याचं पुण्यात एप्रिल-मे मध्ये फार जपावं लागतं. दोन दिवसांत प्लेट कडेने आकसते, अगार पातळ होतो. आम्ही झाकण सैल असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेट ठेवतो. डबा घट्ट बंद करायचा नाही, ह्या जंतूला हवा लागते.

इनॉक्युलमबद्दल. म्हणजे प्लेटवर पसरायचं जंतूंचं पाणी. त्याचा गढूळपणा मोजायच्या मापात ०.५ मॅकफार्लंड म्हणजे ०.५ च, डोळ्यांनी अंदाज नको, मीटर वापरा. इथे लेजिओनेलाची एक खास अडचण आहे, कॉलनी खरवडताना लूपला कोळशाचे कण लागले तर ते सस्पेन्शनमध्ये येतात आणि मीटर जास्त गढूळपणा दाखवतो, तुम्हाला वाटतं पुरेसे जंतू झाले आणि प्रत्यक्षात कमी असतात. कॉलनी वरच्यावर हलक्या हाताने उचलायची, निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायची, दोन मिनिटं स्थिर ठेवून वरचं घ्यायचं. कॉलनी ताजी हवी, दोन-तीन दिवसांची. आठवडाभर पडलेल्या प्लेटवरची घेऊ नका, त्यातले बरेच जंतू मेलेले असतात पण गढूळपणा तेवढाच दाखवतात. आणि हे सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्येच करा, हा आजार तुषारांतून श्वासावाटे होतो, व्होर्टेक्स केल्यावर लगेच झाकण उघडू नका.

स्ट्रिप फ्रीजरमधून काढल्यावर पाकीट लगेच फोडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर दमट दिवसात स्ट्रिपवर पाणी धरतं. एकदा अगारला टेकलेली स्ट्रिप सरकवायची नाही, टेकताक्षणी औषध उतरायला लागतं. वाचताना काळ्या प्लेटवर एलिप्सची कड दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, त्यावर वरून सरळ उजेड टाकण्याऐवजी टेबललॅम्प कडेने तिरका धरा, कॉलनीची निळसर चमक उठून दिसते. आकडा दोन खुणांच्या मध्ये आला तर वरची दुप्पट पायरी धरायची, म्हणजे ०.३८ आलं तर ०.५. आणि एका पायरीचा फरक हा फरक नसतो, तेवढा टेस्टचा स्वभावच आहे, त्यावर कुणाला फोन करू नका.

लोहाबद्दल एकच, फेरिक पायरोफॉस्फेटची बाटली उघडून रंग बघा. हिरवट पाहिजे. पिवळट-तपकिरी झालं असेल तर टाकून द्या आणि नवीन अंधारात, कोरड्या जागी ठेवा. आमच्याकडची बाटली खिडकीच्या उन्हात किती दिवस होती कुणालाच सांगता आलं नाही.

समजा हे सगळं नीट आहे, एटीसीसी आपल्या जागी आहे, स्टॅफचं अंतर नेहमीचं आहे, आणि तरी एकच आयसोलेट वर येतंय. आता जंतूवर शंका घ्यायची वेळ. तीन वेगळ्या दिवशी लावा. तिन्ही वेळा वर आलं तर कोळसा पूर्ण बाजूला काढून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत जंतू वाढवून बघणं) करा, बीवायई ब्रॉथमध्ये, म्हणजे तेच सगळं पण कोळसा आणि अगार नाही. ९६ खड्ड्यांची प्लेट, मिलीला सुमारे ५ लाख जंतू, ३५ अंश, ४८ तास. माझ्या मते जमत असेल त्याने ब्रॉथच खरी टेस्ट मानावी आणि स्ट्रिप फक्त चाळणी म्हणून वापरावी. पण ब्रॉथचेही हट्ट आहेत, कोळसा नसल्यामुळे पेरॉक्साइड शोषायला कोणी नाही, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळून अंधारात ठेवा आणि जुना ब्रॉथ वापरू नका. कंट्रोल खड्ड्यात वाढ दिसली नाही तर सगळी प्लेट रद्द. कडेचे खड्डे सुकतात, तिथे नुसतं पाणी भरा. प्लेट रीडरवर डोळे झाकून विसंबू नका, लेजिओनेला जास्त वेळ ठेवला की तपकिरी रंग सोडतो आणि मशीनला ती वाढ वाटते, तळाला बसलेलं बटण आपल्या डोळ्यांनी बघा.

ब्रॉथमध्येही एटीसीसीच्या तुलनेत वर असेल तर जीन बघायचे. अझिथ्रोसाठी आधी एलपीई-एबी हा इफ्लक्स पंप, औषध आत आलं की बाहेर फेकतो, एसटी १ ह्या जनुकीय प्रकारच्या स्ट्रेनमध्ये नेहमी सापडतो, त्याने एमआयसी थोडी चढते पण आभाळाला भिडत नाही. एमआयसी खूपच जास्त असेल तर २३एस आरआरएनए आणि एल४, एल२२ प्रोटीनमधली म्युटेशन, आणि २३एसच्या तीन कॉपी असतात हे सीक्वेन्स वाचताना लक्षात ठेवा, एखादीच बदललेली असू शकते. क्विनोलोनसाठी जायर-ए, कोडॉन ८३ आणि ८७. ही गोष्ट पुस्तकी नाही, उपचार चालू असलेल्या पेशंटच्या फुप्फुसातल्या लेजिओनेलात ८३ चं म्युटेशन नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये सापडलेलं आहे. रिफाम्पिसिनसाठी आरपीओ-बी.

ह्याआधी स्पीशीज मात्र नक्की करून घ्या. लेजिओनेला लॉंगबीची असेल, जी कुंडीच्या मातीतून येते आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जास्त दिसते, तर तिच्याकडे टेट्रासायक्लिन मोडून टाकणारं एन्झाइम मुळातच असतं. तिथे डॉक्सी (तेही टेट्रासायक्लिनच) वर आली तर प्लेट खराब नाही, रीडिंग खरं आहे.

आता रिपोर्टचं. युकास्ट किंवा सीएलएसआय, म्हणजे असे निकष ठरवणाऱ्या युरोपीय आणि अमेरिकी संस्था, कुणीच लेजिओनेलासाठी सेन्सिटिव्ह-रेझिस्टंट ठरवणारे ब्रेकपॉइंट दिलेले नाहीत. युकास्टच्या मार्गदर्शनात वाइल्ड टाइपची वरची हद्द मिळते, पण ती विशिष्ट पद्धतीची आहे, स्ट्रिपची ब्रॉथला लावायची नाही. आम्ही आकडा लिहितो, पद्धत लिहितो, एटीसीसीचा त्या दिवशीचा आकडा लिहितो. एस किंवा आर लिहीत नाही.

आणि कळकळीने सांगते, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अमॉक्सिक्लॅव्ह, जेंटामायसिन ह्यांच्या स्ट्रिप लावूच नका. प्लेटवर ह्यांच्याभोवती छान मोकळी जागा दिसू शकते आणि कुणीतरी त्याला सेन्सिटिव्ह म्हणेल. पण लेजिओनेला माणसाच्या शरीरात मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींच्या) आत, स्वतःच्या पोकळीत बसून वाढतो, तिथे ही औषधं पुरेशी पोचत नाहीत. मॅक्रोफेजमधल्या प्रयोगांत बाहेरचे जंतू मारून आतले तसेच ठेवायला जेंटामायसिनच वापरतात, ह्यातच सगळं आलं. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात अमेरिकन लीजन ह्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यानंतर २९ लीजनेअर (तिचे सदस्य) दगावले, जंतू कोणता हे १९७७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसीतल्या मॅकडेड आणि शेपर्ड यांना कळलं, पण एरिथ्रोमायसिन आणि टेट्रासायक्लिन मिळालेले पेशंट सेफॅलोस्पोरिनवाल्यांपेक्षा जास्त वाचले हे पेशंटच्या नोंदींतून कळलं. प्लेट तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

आमच्या कूलिंग टॉवरच्या तीन आयसोलेटचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ओतण्याची पद्धत आणि पीएच सुधारल्यावर तिन्ही परत लावली. दोन सरळ एटीसीसीच्या शेजारी येऊन बसली आणि तेव्हापासून हललेली नाहीत. तिसरं अझिथ्रोला तिन्ही दिवस वर राहिलं, ब्रॉथमध्ये एटीसीसीपेक्षा तीन पायऱ्या वर, लेव्हो मात्र सगळ्यांसारखंच. पीसीआर केला, एलपीई-एबीचा बँड आला. टायपिंग केलं, एसटी १. रिपोर्ट त्या एका आयसोलेटचाच गेला.